गाडीखालचा टेकू

डेटनच्या हाडांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन म्हातारे मेकॅनिक बसले होते. त्यांतल्या एकाचा, वर्ननचा, पाय लाकडी होता.

“वर्नन, आपल्या गॅरेजच्या जागी आता डोनटचं दुकान झालंय.”

“मग कॉफी तरी बरी मिळत असेल. तुझी म्हणजे गिअरचं तेल, क्लेटन!”

“आवडीनं प्यायचास, लेका. ऐक. तुझा पाय गेला त्या दिवशी गाडीखाली टेकू लावायला तू विसरला नव्हतास. दुसऱ्या गाडीसाठी मीच तो काढून नेला होता.”

“माहीत आहे. नेताना पाहिलं मी तुला.”

“आणि तरी मालकाला सांगितलंस, की चूक तुझीच?”

“होतीच.”

“अरे, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरलास कशाला?”

“वीस वर्षं बघत आलो, नेलेला टेकू तू पाच मिनिटांत परत लावायचास. सहा मिनिटं झाली होती.”