तांबटाच्या लेकीचा ट्रक

मी मूळची पुण्याच्या तांबट आळीतली, म्हणजे जन्मल्यापासून कानात ठोकेच, सकाळी दूधवाला यायच्या आधी सुरू आणि दिवेलागणीला बंद, आणि बंद झाले की उलट आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबा बंब घडवायचे, हंडे घडवायचे, दिवाळीच्या आधी कल्हईची कामं घ्यायचे. मुलीच्या जातीनं भट्टीपाशी बसू नये असं आजी म्हणायची, पण भाता मारायला कुणीतरी लागायचं ना, मग मीच. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, धूर उठला की कथील फिरवायचं कापसाच्या बोळ्यानं, आणि लगेच पाण्यात. लगेच पाण्यात, हे लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे ते.

लग्न झालं, हे कारखान्यात टेम्पो चालवायचे. माझ्या नणंदबाई इथं अमेरिकेत डॉक्टर, वन्संनी आमचे इकडं यायचे कागद केले, ते वर्षानुवर्षं नुसते पडून, आणि दोन हजार एक साली इथलं सरकार एकदम या म्हणालं, मग काय, आलो श्रूजबरीला, चाळिशी उलटून गेलेली, इंग्लिश म्हणाल तर यस आणि थँक्यू. निखिल, आमचा मुलगा, तेव्हा कॉलेजात, त्यानं इथं कॉम्प्युटर केलं आणि आता जर्सी सिटीत राहतो, खूप वरच्या मजल्यावर, ट्रेननं मॅनहॅटनला जातो. यांनी मात्र एक जुना पिकअप ट्रक घेतला, पुढं बर्फ लोटायचं पातं लावलेला, उन्हाळ्यात लोकांचं गवत कापायचं आणि हिवाळ्यात दुकानांसमोरच्या पार्किंग लॉटमधला बर्फ काढायचा. मी पहिल्यापासून शेजारी बसून जायची, पायऱ्या फावड्यानं मी, लॉट हे, आणि लॉट रिकामा असला की मला पातं खाली-वर करायला शिकवायचे, वळवायला शिकवायचे, ओरडायचे पण. इथल्या आपल्या बायका म्हणायच्या, काकू, तुम्हाला थंडी नाही वाजत? मी म्हणायची वाजते की, म्हणून तर हलत राहते.

आणि कल्हई पण करायची मी, गॅरेजचं दार सताड उघडून. अहो, या मुली हौसेनं सुटकेसमधून पितळेची पातेली आणतात आणि मग त्यांची आमटी कळकते. एकीची करून दिली, ती चार जणींना बोलली, झालं. नवसागराचा खडा मी येतानाच आणलेला, लोणच्याच्या बरणीशेजारी बांधून.

तर एका थंडीत ट्रकच्या बॅटरीची काळी केबल तुटली, म्हणजे तिच्या टोकाला जे कडं असतं ते निखळलं. हे म्हणाले नवीन आणू. मी म्हटलं, तांबं आहे की हे, आणि तांबटाच्या लेकीनं तांबं विकत आणायचं? काढा इकडं. तारा घासल्या, नवसागर लावला, कथील ओतलं, कडं असं पक्कं बसवलं की हे सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या बायकोनं ट्रकला कल्हई केली! मग मला पण चेव आला, लाल केबलचं काही बिघडलं नव्हतं तरी तिचंही बॅटरीकडचं टोक केलं. हौसेला मोल नाही म्हणतात तसं. वर्षभर ट्रक पहिल्या चावीला सुरू होत होता, खोटं कशाला सांगू.

पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. उचलायचं नाही, ट्रक चालवायचा नाही, हा हिवाळा नुसतं पडून राहायचं. निखिल आला, म्हणाला आई, इनफ, ट्रक भंगारात देऊ, हे घर सोडा, माझ्याकडं एक रूम रिकामी आहे. पोरगं वाईट नाही हो, माया आहे म्हणूनच म्हणतं. पण मी तिथं काय करू, काचेतून नदी बघत बसू? मी यांच्याकडं बघितलं, आणि यांनी मान हलवली. हो म्हणून. ते मला फार लागलं. सगळं सोडून या देशात आलेला माणूस, कुणापुढं हात न पसरलेला, आणि नुसती मान हलवतो. मी म्हटलं निखिल, पहिला बर्फ पडू दे. लॉट मी साफ करून आले तर आम्ही इथंच राहणार. ट्रक हललाच नाही, तर चावी मी स्वतः तुझ्या हातात देईन. दुकानांची मॅनेजर बाई होती तिलाही फोन करून सांगितलं, आय कम, डोंट गिव्ह अदर मॅन.

आणि काय सांगू तुम्हाला, टीव्हीवर म्हणाले उद्या दुपारी बर्फ, आणि आज सकाळी चावी फिरवते तर टक्. नुसतं टक्. दिवे लागतात, रेडिओ बोलतो, इंजिन फिरायला तयार नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट देऊन बघितला, तरी टक्. हे खिडकीतून म्हणाले, जाऊ दे गं आता. ते ऐकलं आणि मी आणखी चिडले. झाकण उघडून काळी केबल हातात धरली तर फुगलेली, दाबली तर आत कुरकुर वाजलं. सुरीनं रबर चिरलं. आत तांबं नव्हतंच हो, हिरवं पीठ होतं.

मी तिथंच पायरीवर बसले. कुणी सांगायची गरज नव्हती, मला कळलं. भांडं आपण लगेच पाण्यात घालतो, नवसागर धुऊन जातो. केबलच्या रबरात कुठलं पाणी? वर्षभर तो आत बसून तांबं खात होता, आणि तो मीच घातलेला. बाबा असते तर हातोडीचा दांडा घातला असता पाठीत. मग म्हटलं, बाई, तू बिघडवलंस ना, मग तूच कर.

सुतळीनं दोन्ही केबलींची लांबी मापली आणि आमच्या छोट्या गाडीनं पार्टच्या दुकानात गेले. तिथला म्हातारा चांगला होता, सुतळी बघून हसला पण बरोब्बर केबल काढून दिल्या, जाड, अंगठ्याएवढ्या. सांगितलं, काढताना आधी काळी, लावताना काळी शेवटी, आणि हातातल्या त्या काढ, तारेला लागल्या तर भाजशील. पाटल्या कुठल्या निघतात, लग्नातल्या त्या! वर चिकटपट्टी गुंडाळली आणि यांचे हातमोजे चढवले.

काळी निघाली, लालचं वरचं टोक निघालं, खालचं स्टार्टरपाशी, त्याचा नट गंजून दगड झालेला. पुठ्ठा टाकून ट्रकखाली झोपले, तेल सोडलं, थांबले, परत सोडलं, जोर लावला तर पाना सटकून बोटं सोलली. मग हातोडी घेतली आणि नटाच्या कडेनं ठोकत राहिले, जोरात नाही, बाबांचा ठोका, हळू, एकसारखा. किती वेळ कोण जाणे. बघते तर पुठ्ठ्याशेजारी यांचे बूट. काठी टेकत खाली आलेले. म्हटलं, आता परत जाऊ दे म्हणणार. तर म्हणाले, सरक थोडी, उजेड दाखवतो, दुसऱ्या अंगानं मार. आणि टॉर्च धरून उभे राहिले, पाठ दुखत असणार, पण हलले नाहीत. नट फिरला तेव्हा मला रडू आलं, ते नटासाठी नव्हतं.

इंजिनला काळी केबल लागते तिथला गंज घासून लख्ख केला, लाल लावली, काळी शेवटी लावली, ग्रीस चोपडलं. यांनी चावी माझ्या हातात दिली. पहिल्या चावीला ट्रक सुरू! मी निखिलला फोन लावला आणि फोन सरळ इंजिनाजवळ धरला. तो म्हणाला, आई, उद्या सावकाश चालव.

दुसऱ्या दिवशी लॉट मी एकटीनं साफ केला, कडेचा एक खांब थोडा वाकवला, तो धरू नका.

आता हे शेजारी बसतात, थर्मासमधला चहा ओततात आणि डावीकडं घे, डावीकडं घे करतात. निखिलच्या त्या रिकाम्या रूममध्ये तो सायकल ठेवतो. नवसागर माझा भांड्यांपुरता. दर दसऱ्याला ट्रकला हार घालते आणि हार घालायच्या आधी दोन्ही केबली दाबून बघते. निघा आता तुम्ही, आभाळ भरलंय. तुमची गाडी पहिल्या चावीला सुरू होवो. नाही झाली तर फोन करा, मी येते.