रांजणनगरीची घसरगुंडी

सकाळी दहाची वेळ. शिक्रापूरच्या पुढे, हायवेला लागून, नव्या वॉटर पार्कचं उद्घाटन होतं. नाव 'रांजणनगरी'. मालक शेठ आम्हा पत्रकारांना छाती काढून सांगत होते, "नाव उगाच न्हाई ठेवलं, साहेब. इनामगावच्या खोदकामात तीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण निघाले. आपला इतिहास हाय!"

मोठी घसरगुंडी म्हणजे तोंडाला तोंड लावून ठेवलेले सिमेंटचे दोन प्रचंड रांजण. पोरांनी एकाच्या उघड्या बुडातून शिरायचं आणि दुसऱ्याच्या बुडातून पाण्यात पडायचं.

मी त्या खोदकामाची बातमी केली होती. म्हटलं, "शेठ, असे दोन रांजण जोडून त्यात माणसं आपली मेलेली तान्ही मुलं पुरायची. घरातल्या जमिनीखाली."

शेठचा चेहराच उतरला. "हळू बोला की! रांगेत आयाबाया हायेत. हे छापलं तर पहिल्याच दिवशी धंदा बसंल माझा."

"छापणार! इतिहास विकताय, तर पुरा विका."

रांगेतल्या केंदूरच्या एका बाईंनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "त्या लेकरांचं खेळायचं राह्यलं आसंल, दादा. आमच्यांना तरी खेळू द्या." आणि मुलीला रांजणात सोडलं. पोर किंचाळत, हसत खाली पाण्यात पडली. माझा राग तिथंच निवळला.

बातमी पुरण्याच्या गोष्टीसकट छापून आली, आणि पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट. शेठनी तर घसरगुंडीशेजारी फलकही लावला, 'रचना : इतिहासतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली'. हे तज्ज्ञ कोण, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.