मशीनवरचा पाय

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"तुझ्या सासूबाई आत गेल्या का?"

"हो, तपासतायत. त्या जुन्या विनोदी मालिकेमुळे कळलं बघ सगळं."

"मालिकेमुळे?"

"त्यातला न्हावी, गिऱ्हाईक मनातलं बोलायला लागलं की कात्री खाली ठेवून ऐकत बसतो. निम्मं गाव अर्धवट केसांनी फिरतं. मी पोट धरून हसत होते. सासूबाई म्हणाल्या, शहाणा आहे हो तो."

"म्हणजे तुला टोमणा."

"मला तसंच वाटलं, रागच आला. दुसऱ्या दिवशी त्या बोलायला लागल्या, तसा मी मुद्दाम मशीनवरचा पाय काढला. तर विचारतात कशा, दोरा तुटला का ग?"

"अगंबाई."

"म्हटलं, नाही, तुम्ही बोला. मग म्हणाल्या, डाव्या डोळ्यानं मला काहीच दिसत नाही ग."

"मग आधी नाही का सांगायचं त्यांनी?"

"तीन महिने सांगत होत्या. मी हं हं करत शिवत होते."