साठ जणांचं एक रोप

उदगीरहून देवणीला निघालेल्या एसटीत नागुबाईच्या पुढच्या बाकावर कॉलेजच्या दोघी बसल्या होत्या. दोघींच्या मधी काळ्या पिशवीतलं करंजाचं रोप.

"राजकन्या, नीट धर की! हवामान बदलाचे वीस मार्क हायत त्यात."

"मग तूच धर ना, विशाखा. पानं गळायलीत बघ."

"गळू दे. फोटोत शेंडा दिसला की झालं. आपल्या तुकडीच्या साठ जणांनी हेच लावलंय."

"लावलं कुठं? खड्ड्यात ठेवलं, फोटो काढला, उचललं."

"सर तर म्हणले, साठ झाडं, जिल्ह्यात आपला पयला नंबर!"

"आता खरंच लावून टाकू का गं?"

"येडी का काय! उद्या 'ब' तुकडीचे फोटो हायत."

नागुबाईनं वाकून पिशवीतली माती चाचपली. आटल्या पान्ह्यासारखी कोरडी. तिचं गाव आलं, तसं तिनं रोप अलगद उचलून कडेवर घेतलं.

"ओ आजी! आमचं झाड!"

"साठ जणांच्या कडेवर फिरलं, माय. आता खाली सोडू, मंग पायावर उभं राहील."

"अन् 'ब' तुकडीचं काय?"

"पाठव की माझ्या बांधावर. येताना एकेक घागर पाणी आणा म्हणावं."