चौथं बोट

दवाखान्यातल्या बाकावर एफी आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी म्हातारा मर्डॉक आणि नर्सिंग शिकणारी त्याची पुतणी मोर्ना रिपोर्ट वाचत बसले होते. बर्फात गारठून मर्डॉकच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं काळी पडली होती.

"'चौथ्या बोटाचं दूरस्थ पेर काढावं.' दूरस्थ म्हणजे कुठून दूर?"

"धडापासून, काका. म्हणजे टोकाचं पेर."

"मग वरचं म्हणावं की सरळ."

"हात खाली सोडला की तेच खालचं होतं. धड जागचं हलत नाही, म्हणून तिथून मोजतात."

"हुशार आहेत. चौथंच जातंय, हे बरं झालं. व्हायोलिनवर मी करंगळी क्वचितच लावतो."

"करंगळी नाही, काका. ती पाचवी."

"पाचवी कशी? हे पहिलं बोट, अंगठ्याशेजारचं."

"अंगठा पहिला."

"अंगठ्यानं व्हायोलिन धरतात. तो कुणी मोजत नाही."

"डॉक्टर मोजतात."

एफीचं नाव पुकारलं गेलं. ती पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

"म्हणजे माझं तिसरं जाणार."

"टोकाचं पेरच फक्त."

"तार टोकानंच दाबतात, पोरी. करंगळी तरी राहतेय ना?"

"राहील असं लिहिलंय."

"मग तिसऱ्याचं काम तिला शिकवायचं."

"या वयात जमेल तिला?"

"साठ वर्षं नुसती बसून होती ती. बघू तरी, काय करते."