वरमाई न्हायला बसंना

न्हाई, पन मी म्हनते, वरमाईला न्हाऊ घालायची ही रीत काढली तरी कुन्या शहान्यानं? आं? बाई काय घरनं पारोशी येती का? चांगली धुतलेली-पुसलेली, नवं लुगडं नेसलेली बाई, तिला पाटावर बसवा, तिचा अंबाडा सोडा, डोस्क्यात तेल घाला, वरनं शिककाई चोळा, आन् मांडवातल्या समद्या बायांनी भवती कोंडाळं करून बघा! कशापाई? तर म्हनं मान! ह्यो मान आमच्या दीनाबाईच्या जिवावर उठला हुता, तुमाला सांगते… लगीन मोडायची पाळी आली, लगीन!

दीनाबाई म्हंजी काष्टीची, आपल्या यशयामास्तरची बायकू. मिशनच्या शाळंत मास्तर पोरं वळायचा आन् घरात ही मास्तरला वळायची. पोरगी हुती तवापास्नं हिचे केस असे, की सोडून बसली तर भुईला टेकायचे! विहिरीवर बाया म्हनायच्या, "दीने, एवढाल्या अंबाड्यानं मान दुखत न्हाई का गं?" आन् ही तोऱ्यात, "दुखती की! पन देवानंच दिल्यात, त्याला मी काय करू?" बरं, देवानं दिल्ते ते देवानंच परत न्यायला काढले. चाळिशी उलटली, इटाळ थांबला, अंगातनं नुसत्या वाफा निघायला लागल्या, आन् केस जे सुटले… फनीत केस, उशीला केस, भाकरीत केस! मास्तर घासातनं केस वढून काढायचा आन् म्हनायचा, "दीना, चार डोक्यावरही ठेव गं." मेल्याला बोलायला काय जातंय!

मग काय काय केलं न्हाई बाईनं? माका लावला, जास्वंद लावली, कांदा चोळला. कांद्याच्या वासानं प्रार्थनेला शेजारच्या बाया सरकून बसायला लागल्या. भंडारदऱ्याकडचा एक मुळ्या इकनारा आला, त्यानं मुळी दिली, ती उगाळून लावली तर टाळू लालेलाल झाली आन् हुते त्यातले निम्मे गेले! भांग बघावा तर भांग कुठला, नगर-दौंडाची सडक! पन कुनाला म्हनून कळू दिलं न्हाई बरं का. आगीत हात घातला आसता बाईनं, पन पदर? पदर जागच्या जागी!

शेवटी नगरची बिबीजान, बांगड्या भरायला यायची, तिनं हातात बांगडी चढवता चढवता पदराखाली बघितलं. बाई गोष्ट पोटात ठिवनारी. हळूच म्हनली, "क्या भाबी, इत्ते झड गये? गंगावन लगाव ना! मेरी खाला लगाती, आजतक किसीकू मालूम नहीं पड्या." (आता खालाचं समद्या काष्टीला सांगितलं, ते सोडा.) फुडल्या खेपेला बांगड्यांच्या पेटीतनं आनलं की तिनं परक्या केसांचं गंगावन! लांब, काळंभोर. सुपारीएवढा अंबाडा हुता त्याचा नारळाएवढा झाला. आन् मास्तर बघतो तर काय, बायकूचं डोस्कं भरलं! "बघ, मुळी लागू पडली!" म्हनत गावभर सांगत सुटला. आन् दीनाबाई? पदर जागच्या जागी!

आता बघा. पोरगा तिचा शलमोन, नगरच्या लष्कराच्या कॅम्पात डायवर. ती मोठी लढाई नुकतीच सपली हुती. पोरगं सुखरूप राहिलं म्हनून दीनाबाईनं त्याला पोरगी बघायला घेतली, आन् सवता हिंडून हिंडून कर्जतच्या पल्याडची प्रभुदासाची पोरगी पसंत केली. गरिबाचं घर, चार बिघं कोरडवाहू, पन पोरगी म्हंजी कामाला वाघीन आन् तोंडानं गोड. दीनाबाईचा जीवच बसला तिच्यावर. पन बैठकीतच माती खाल्ली हो मास्तरनं! नवरीची आई, मरिया, सहज म्हनली, "इहीनबाईंचा अंबाडा ह्या वयात सुदीक केवढा!" तर हा गडी मिशीवर हात फिरवून म्हनतो, "लग्नात सोडलात की बघाल!" झालं! मरियानं त्याच दिशी ठरवलं, आमच्या इहिनीचं न्हानं आसं करीन, की तालुक्यात कुनी केलं नसंल!

आन् केलं की तिनं! लग्नाच्या दिशी सकाळी नवरीच्या गावी, मांडवाशेजारच्या बिऱ्हाडी आमी बसलोय, तवर भायेर वाजंत्री. फुडं मरिया, मागं बाया, पायघड्या टाकत. पितळी घंगाळ, पातेलंभर शिककाई, शिप्तरात मोगऱ्याची येनी, ही मनगटाएवढी जाड! दीनाबाईनं ती येनी बघितली आन् तिचं तोंड पांढरंफेक पडलं. आता ती येनी अडकवायची कशाला, तुमीच सांगा!

"चला इहीनबाई, न्हायला."

"मला पडसं झालंय."

"पानी कडकडीत हाय की!"

"मी सकाळीच न्हाले."

"मानाचं कुठं न्हालात?"

मग दीनाबाईनं शेवटचं काढलं. म्हनती, "आपन ख्रिस्ती मानसं. ह्या आसल्या जुन्या रीती आता आपल्याला शोभत न्हाईत." बरं, नवरीची आत्या बायडाबाई फुडंच उभी, कमरंवर हात ठिवून. बाईची जीभ म्हंजी इळा. "व्हय का? आवं, तुमच्या थोरल्या लेकीच्या लग्नात तुमी इहिनीला दोन घंगाळं वतली न्हवं? तवा कोन हुता तुमी?"

दीनाबाई बसली भिंतीला पाठ लावून. दोनी हातांनी पदर हनवटीखाली आवळला, आन् न्हाई म्हंजी न्हाई. मान सुदीक हालवंना! पदर जागच्या जागी!

आन् मग ते दोन शब्द मांडवात फिरले. अंगावर काटा येतो आजून… "वरमाई रुसली!" पोरीच्या बापाला ताप आला तरी चालतो, वीज पडली तरी चालती, पन वरमाई रुसली? खेळ खलास! मरिया म्हनती, "कशात कमी पडलो आमी? लुगड्यात? आवं, कापाड रेशनवर हाय, मिळंल तसलं घेतलं…" पळत गेली, आन् सवताच्या लग्नातलं ठेवनीतलं इरकली लुगडं आनून दीनाबाईच्या मांडीवर ठिवलं.

दीनाबाई म्हनली, "मला कायबी नको."

आता ही बाई खरं बोलत हुती, देवाशपथ खरं! पन रुसलेल्या वरमाईच्या तोंडात 'कायबी नको' म्हंजी काय, हे शेंबडं पोर सुदीक सांगंल. 'एवढ्यानं भागत न्हाई'! आला पितळी हंडा. "आवं नको म्हनते ना!" बायडाबाईनं दात खात हातातलं चांदीचं कडं काढलं आन् आपटलं फुडं. "घ्या! आजून काय, माझी हाडं देऊ?" दीनाबाईच्या डोळ्याला लागली धार. ती रडती लाजंनं, आन् बायांनी केला कालवा, "आगं बया, कड्यावर भागंना! रडाया लागली!" तवर भायेरनं प्रभुदासाचा आवाज, फाटलेला, "म्हनावं दावनीची कालवड देतो!" एकच हुती हो कालवड. तीच त्याची इस्टेट.

मास्तर आला आत. "दीना, लाज वाटते का? मला चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवशील? काय पाहिजे ते बोल तरी!" बोल! काय बोल? खोलीभर बाया कान टवकारून बसलेल्या, आन् त्यांच्या फुडं म्हनू, मुळी लागू पडली न्हाई म्हनून? मग दाराशी शलमोन. हळद लागलेला, मुंडावळ्या बाजूला सारून म्हनतो, "आये, पोरगी तूच पसंत केली न्हवं? मग आता तूच मोडतीस?" कसं व्हतंय मला सांगा, आईचं काळीज! वाटलं, वढावा पदर आन् दाखवावं डोस्कं समद्यांना… पन एवढी वर्सं जपलेला पदर, आसा कसा सुटंल?

भायेर तवर पाद्रीसाहेब सायकलीवरनं उतरून घड्याळ बघायला लागले. "बाईंना सांगा, मला पुढे दुसऱ्या गावी विवाह लावायचा आहे." तिकडं नवरीचे चुलत भाऊ काठ्या सावरून म्हनाया लागले, "बास झालं! जुपा म्हनावं गाड्या आन् जा माघारी! आमची पोरगी आमाला जड न्हाई!" भिंतीपल्याड नवरी हुंदके देतीय ते ऐकू येतंय. आन् ही बया भिंतीला टेकून. पदर जागच्या जागी!

आन् मग प्रभुदास आला. बायांच्या खोलीत पुरुष कवा येतो का? पन आला. खाली बसला, डोक्याचं पागोटं काढलं, आन् दीनाबाईच्या पायावर ठिवलं. "बाई, माझं काय चुकलं मला ठावं न्हाई. पन चुकलं. पोरीला माघारी धाडू नका." समद्या बाया त्या पागोट्याकडं बघून डोळे पुसाया लागल्या. दीनाबाई मात्र पागोट्याकडं बघतच नव्हती. ती बघत हुती त्याच्या डोस्क्याकडं. सपाट! नावाला केस न्हाई, उन्हात रापलेल्या कपाळाच्या वर पांढरी टाळू, त्यावर घाम. ह्या मानसानं पोरीसाठी डोस्कं उघडं केलं, चारचौघींत, आन् माझ्याच्यानं पोरासाठी हुईना? आशी शरम वाटली तिला, आशी वाटली, की दोनी हातांनी पागोटं उचललं आन् त्याच्या हातात दिलं. "घाला ते डोक्यावर, दादा. आन् भायेर व्हा समदे पुरुष. मरियाबाई, मांडा तुमचा पाट."

बसली पाटावर. बायांचं कोंडाळं झालं, मुंगी शिरंल एवढी फट न्हाई. मरिया अंबाड्याला हात घालनार, तवर ही म्हनली, "थांबा, मी सोडते." पदर खांद्यावर टाकला. अंबाड्यात हात घातला, वढलं, आन् गंगावन मरियाच्या हातात दिलं. "हे बाजूला ठेवा. ह्याला शिककाई लागत न्हाई." आन् डोळे गच्च मिटून घेतले. आता हासतील… आता हासतील…

कुनी हासलंच न्हाई हो! मरिया ते गंगावन हातात धरून उभी, आन् भीत भीत इचारती काय, "मंग इहीनबाई… कालवड संध्याकाळी बांधू का गाडीला?"

दीनाबाईनं डोळे उघडले. "आवं, कालवड काय करायचीय! ह्याच्यापाई, ह्या केसांपाई मी न्हायला बसंना! कळलं न्हाई व्हय?"

बायडाबाईनं वाकून टाळू बघितली, भाकरी टाकायच्या आधी तवा बघावा तशी. म्हनती, "हे तर समद्यांचंच जातं. माझं म्हाईत हाय का तुमाला? ह्याच्यासाठी कुनी रुसतं व्हय? आमाला काय खुळ्या समजता? न्हायला बसलात, भांडन मिटलं. आता कालवड घ्या आन् राग सोडा."

लगीन लागलं. चांगलं लागलं. संध्याकाळी गाडी जुपली तर मागं कालवड बांधलेली! दीनाबाई म्हनली, "सोडा ती, मला नको." झालं, प्रभुदासाचा चेहरा उतरला. "म्हंजी आजून राग गेला न्हाई?" आन् हात चालला पागोट्याकडं! "आना, आना!" दीनाबाई वरडली. "लई आवडली मला कालवड! आना!"

तवापास्नं काष्टीपास्नं कर्जतापतोर एकच नाव. 'कालवडवाली वरमाई'! कुनाच्याबी लग्नाला जावं, तर नवरीची आई हिला बघून आधी आपली जनावरं मोजती. एवढा जीव कावला बाईचा, की एक दिस भर बाजारात, काष्टीच्या बाजारात, तुमाला सांगते, तिनं पदर वढून खाली टाकला. कोथिंबिरीच्या पाट्या, लिंबाचे ढीग, मधी ही उघड्या डोक्याची उभी, आन् वरडती, "बघा गं बायांनो, नीट बघा! आसं झालंय म्हनून मी न्हायला बसत नव्हते! कालवडीसाठी न्हाई!"

बाया जमल्या. वाकून वाकून बघितलं. हळहळल्या पन. आन् मग एक म्हातारी, शेपूची जुडी हातात घिऊन, दुसरीला म्हनती कशी, "बघ बाई, देव झोपलेला न्हाई… गरिबाची कालवड वढून आनली, केस ऱ्हातील व्हय डोस्क्यावर?"