वीरधवलची सिस्टीम

अरे ऐका ना, काल तासगावात सम्मेदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात रांगेत हुतो, तर पुढं अंजनाकाकू! त्यांचा पोरगा वीरधवल मिल्ट्रीत असताना वारला न्हाई का, त्याची पेन्शन काकूंना मिळती. अंगठ्याचं मशीन जोडायला त्याचाच लॅपटॉप त्यांनी सम्मेदकडं दिला हुता.

सम्मेद म्हणाला, "काकू, हयातीच्या दाखल्याचं अंगठ्याचं मशीन चालतंय आता."

"व्हय? पर हे चित्र दुसरंच दिसतंय की रं."

"जुनी सिस्टीम काढून टाकली. मशीन तिला वळखतच न्हाई."

"वीरधवलनं घातली हुती. फुकटची हाय आई, पर आपली हाय, म्हणायचा."

"आख्ख्या तालुक्यात तो एकटाच वापरत असंल! सगळ्यांकडं हीच असती, काकू."

"आसू दे. त्याचा पोवाडा लाव जरा."

"कुठला पोवाडा?"

"त्यानंच म्हणलेला. ह्यातच हाय की."

"आवं... नव्या सिस्टीमला डिस्क रिकामीच दिसली. पुसू का म्हणून इचारलं तिनं. मी व्हय म्हणलं."

"मला इचारायचं हुतंस रं."

"चुकलंच, काकू."

"आवाज तेवढाच हुता त्याचा."

सम्मेदनं मशीन पुढं सरकवलं.

"अंगठा ठेवा, काकू. न्हाईतर पेन्शन थांबती."

काकूंनी ठेवला.

"झालं. हयात दाखवतंय."